दुधात पिष्टच नाही, मग थेंब पचवणार काय?

पत्र:

डॉक्टर काकू, नमस्कार. माझा मुलगा सात आठवड्यांचा आहे. पूर्ण दिवसांचा, जन्माचं वजन २ किलो ९००, परवा केलं तर ४ किलो १००. फक्त अंगावरचं दूध पितो. गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी सहा-साडेसहाला रडायला सुरुवात होते, ते नऊ-साडेनऊपर्यंत. पाय पोटाशी घेतो, लालबुंद होतो, वारा सरतो. मध्येच दह्यासारखं दूध टाकतो. सासूबाई म्हणतात, दूध पचत नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यांनी पचनाच्या एन्झाइमचे थेंब दिले. 'काही साइड इफेक्ट नाही, बिनधास्त द्या' म्हणाले. बाटलीवर फंगल डायस्टेज (१:१२००), पेप्सिन (१:३०००) आणि शेपूचं तेल असं लिहिलंय. दहा दिवस देतोय. कधी फरक वाटतो, कधी नाही. आता माझ्या नणंदेने न्यू जर्सीहून लॅक्टेजचे थेंब आणि लहान मुलांसाठीची एन्झाइमची पावडर पाठवली आहे, 'नॅचरल' म्हणून. हे सगळं इतक्या लहान बाळाला सुरक्षित आहे का? एकदम बंद केलं तर चालेल का? आणि वरचं खाणं सुरू करताना तरी लागेलच ना?
– एक आई, चिपळूण

उत्तर:

आधी काय करायचं ते सांगते, कारणं मागाहून. मेडिकलमधून आणलेले थेंब आजच बंद कर. हळूहळू कमी करत जायची गरज नाही. या थेंबांची शरीराला सवय लागत नाही आणि ते थांबवल्याने बाळाचं पचन मंदावत नाही. नणंदेची पावडर उघडूच नकोस. लॅक्टेजच्या थेंबांची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिच्याकडे येते, पण आज तरी तेही नकोत. आणि गेल्या दहा दिवसांत आपण बाळाचं काही बिघडवलं की काय, ही धास्ती घेऊ नकोस. बाळ नीट ओढून पितंय, अंगावर पुरळ नाही, वजन वाढतंय, तर एवढ्या थेंबांनी नुकसान झालं असण्याची शक्यता फार थोडी.

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू पहिल्या दोन वाक्यांतच सांगून टाकली आहेस आणि पुढे विसरलीस. २ किलो ९०० वरून ४ किलो १००. म्हणजे सात आठवड्यांत १२०० ग्रॅम, दिवसाला सरासरी २४-२५ ग्रॅम, तेही पहिल्या काही दिवसांत सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं ते धरून. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. दूध पचत नसतं, तर हे वजन आलं कुठून? सरकारी दवाखान्यातून मिळालेलं माता व बालसंरक्षण कार्ड घरात असेलच. त्यातल्या आलेखावर हे दोन्ही आकडे मांड आणि सासूबाईंना दाखव. माझ्या चार पानी उत्तरापेक्षा ती रेघ जास्त काम करेल.

आता ती बाटली हातात घे. १:१२०० या आकड्याचा अर्थ असा की एक ग्रॅम डायस्टेज बाराशे ग्रॅम पिष्ट पचवू शकतं. पिष्ट म्हणजे स्टार्च: भातातलं, भाकरीतलं, बटाट्यातलं. डायस्टेज म्हणजे अमायलेज जातीचं एन्झाइम. ते एका बुरशीपासून काढतात आणि त्याला पिष्टाची साखर करण्याखेरीज दुसरं काही येत नाही. तुझं बाळ फक्त आईचं दूध पितंय. आईच्या दुधात पिष्टाचा कणही नसतो. त्यातली साखर लॅक्टोज. १०० मिलीलिटर दुधात साधारण सात ग्रॅम. डायस्टेज तिला हातही लावू शकत नाही. थोडक्यात, दळायला धान्य नाही आणि गिरणी घरघरतेय. प्रश्न सुरक्षिततेचा विचारलास, पण त्याच्या आधीचा प्रश्न हा आहे, आणि आपल्याकडे तो कुणी विचारत नाही. मेडिकलवाला विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर चिठ्ठीवर हे थेंब खरडणारे आमच्यातले काही डॉक्टरही विचारत नाहीत. रडणाऱ्या बाळाच्या आईला रिकाम्या हाताने परत पाठवणं जड जातं, म्हणून बाटली लिहून दिली जाते.

बाटलीवरचं दुसरं एन्झाइम पेप्सिन. हे प्रथिनं तोडतं, पण त्याला काम करायला जठरात कडक आम्ल लागतं. तान्ह्या बाळाच्या पोटात दूध गेलं की ते आम्ल सौम्य होतं आणि त्या वातावरणात पेप्सिन जवळजवळ बसूनच राहतं. दुधातली प्रथिनं बाळ मुख्यतः पुढे लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने पचवतं, आणि ती सोय जन्मापासून असते. जाता जाता एक सांगते. पेप्सिन सहसा डुकराच्या जठरातून काढतात. तुमच्या घरी त्याचं काही वाटणार नाही कदाचित, पण श्रावणात कांदा-लसूणही बंद असणाऱ्या किती घरांत ही बाटली रोज उघडली जात असेल, कोण जाणे.

बाळाचं पचन कच्चं असतं हे अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट खऱ्यावरच ही बाटली खपते. नवजात बाळाच्या स्वादुपिंडातून अमायलेज जवळजवळ येतच नाही, हे बरोबर. पण त्याला ते लागतही नाही. दुधातले स्निग्ध पदार्थ पचवायचं लायपेजही स्वादुपिंडातून थोडंच येतं. त्याची भरपाई बाळाच्या जठरातलं लायपेज करतं आणि उरलेली आईच्या दुधातलं. हो, तुझ्या दुधातच लायपेज आहे. ते बाळाच्या आतड्यात पित्त भेटलं की जागं होतं. दूध उकळलं तर ते मरतं, थेट अंगावर पाजलं तर जसंच्या तसं पोचतं. एवढंच कशाला, आईच्या दुधात अमायलेजही असतं. एन्झाइमचे थेंब द्यायचेच असतील तर तू दिवसातून दहा-बारा वेळा देतेच आहेस.

दह्यासारखं दूध टाकतो म्हणून सासूबाई घाबरल्या असतील. जठरात दूध फाटणं ही पचनाची पहिली पायरी आहे. पिऊन झाल्याबरोबर टाकलं तर दूध, अर्ध्या तासाने टाकलं तर दही. दोन्ही ठीक, फक्त बाळ हसरं आणि वाढतं हवं.

आता लॅक्टेज. हे निदान दुधातल्या साखरेवर काम करणारं एन्झाइम आहे, म्हणून त्याची चर्चा तरी करता येते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या आतड्यात लॅक्टेज भरपूर असतं. माणसाच्या आयुष्यात ते सर्वात जास्त असतं ते याच वयात. मोठेपणी दूध बाधणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण ते लॅक्टेज दोन-तीन वर्षांच्या वयानंतर हळूहळू ओसरतं म्हणून. तुझ्या सासऱ्यांना चहातलं दूध चालत नसेल, तर त्यावरून नातवाचं निदान करता येत नाही. जन्मतःच लॅक्टेज नसणं हा आजार आहे, पण अतिशय दुर्मीळ. फिनलंडमध्ये त्यातल्या त्यात जास्त आढळतो. त्या बाळांना पहिल्या दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब होतात आणि वजन घसरत जातं. सात आठवड्यांत बाराशे ग्रॅम वाढलेलं बाळ त्यात बसत नाही. जुलाबाच्या आजारानंतर काही दिवस लॅक्टेज कमी पडू शकतं. शी फेसाळ, आंबट वासाची होते, बूड लाल होतं. तेव्हाही अंगावरचं दूध थांबवायचं नसतं. आतड्याचं अस्तर भरून आलं की ते आपोआप सुधारतं.

थोडं लॅक्टोज न पचता मोठ्या आतड्यात जाणं सगळ्याच लहान बाळांत होतं. तिथले जिवाणू ते आंबवतात, वारा होतो. ही बिघाडाची खूण नव्हे. यावरूनच लॅक्टेजचे थेंब दिले तर रडणं कमी होईल, अशी कल्पना निघाली. त्यावरचे अभ्यास छोटे आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत थोडा फरक दिसला, काहींत नाही. त्यातही ते थेंब काढलेल्या दुधात घालून काही वेळ थांबायचं असतं, म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळासाठी रोज दूध पिळून काढणं, वाटी-बोंडलं निर्जंतुक करणं, हा सगळा उपद्व्याप. चांगलं पिणाऱ्या बाळाचा आणि दमलेल्या आईचा तो ताल मोडायची माझी तयारी नाही. तुझ्या बालरोगतज्ज्ञांना बाळ तपासून वाटलं, तर ते आठवडाभर देऊन बघू शकतात. फरक पडला नाही तर बंद. तो निर्णय त्यांचा, पार्सलचा नव्हे.

पावडरीबद्दल मी एवढी कडक का, तेही सांगते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार अशा पूरक पदार्थांना विक्रीआधी सरकारकडून सुरक्षिततेची किंवा उपयोगाची मंजुरी घ्यावी लागत नाही. दुकानाच्या फळीवर आहे म्हणजे कुणीतरी तपासलंय, हा आपला समज तिथे लागू पडत नाही. २००७ साली तिथे एका ग्राइप वॉटरमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी सापडला होता, एक सहा आठवड्यांचं बाळ आजारी पडल्यावर. 'लहान मुलांसाठी' म्हणजे तिथेही बहुधा चालती-बोलती, चघळता येणारी मुलं. अशा मिश्रणांत पपईचं पपेन, अननसाचं ब्रोमेलेन घातलेलं असतं. ही प्रथिनं तोडणारी एन्झाइम आहेत. बाळाच्या जिभेला, ओठांच्या कडांना आणि शीवाटे बुडाला त्यांचा दाह होऊ शकतो. पावडर हवेत उडून श्वासात गेली तर तोही त्रासच. बुरशीपासून काढलेल्या अमायलेजची ॲलर्जी बेकरीत काम करणाऱ्यांना होते, दम्यासारखी. पिठात ते मिसळलेलं असतं म्हणून. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, हे कोकणातल्या माणसाला तरी कुणी सांगू नये. बिब्बा नैसर्गिकच असतो.

आपल्याकडचं चित्र फार वेगळं आहे असं नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी हेल्थ सप्लिमेंट हा प्रकार पाच वर्षांवरच्या माणसांसाठी आखला. तान्ही बाळं त्या चौकटीतच नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ औषधी मिश्रणांवर बंदी घातली. त्या यादीत डझनभराहून जास्त एन्झाइम एकत्र कोंबलेलं एक मिश्रण होतं: अमायलेज, लॅक्टेज, पेक्टिनेज, सेल्युलेज, पपेन आणि बरंच काही. अशा खिचडीला वैद्यकीय आधार नाही, असं तज्ज्ञ समितीचं म्हणणं होतं. तुझ्या बाटलीत फक्त दोन एन्झाइम आहेत, ती त्या यादीतली नव्हे. पण 'एन्झाइम म्हणजे निरुपद्रवी, कितीही घाला' ही समजूत औषधशास्त्राची नाही, दुकानाची आहे, एवढं त्यावरून कळावं.

आणि थेंबांत एन्झाइम असतं थोडं, बाकी असतं ते वेगळंच. साखर किंवा साखरेऐवजी घालतात ते गोड सॉर्बिटॉल, चव, रंग, टिकाऊपणासाठीची रसायनं, औषध विरघळवणारं प्रोपिलीन ग्लायकॉल, काहींत चक्क मद्यार्क. सॉर्बिटॉलने बाळाला वारा होतो आणि शी पातळ होते. म्हणजे ज्यासाठी थेंब दिले तेच. प्रोपिलीन ग्लायकॉल मोठ्या माणसाचं शरीर झटपट बाहेर टाकतं, तान्ह्याचं तितक्या लवकर नाही. आणि त्यात भेसळ झाली तर काय होतं, ते २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपण शेजारीच पाहिलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने वीसहून अधिक मुलं दगावली. त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. ते औषध वेगळं होतं, एन्झाइमचं नव्हतं. तुझी बाटली तशी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मुद्दा एवढाच, की गरज नसलेली प्रत्येक बाटली ही विनाकारण घेतलेली जोखीम असते, मग ती कितीही बारीक असो.

एक गोष्ट मात्र ठळक लिहिते, कारण ती खरोखर धोक्याची आहे. या एन्झाइमच्या थेंबांच्या शेजारी, तशाच छोट्या खोक्यात, पोटदुखीचे डायसायक्लोमिनचे थेंब ठेवलेले असतात. त्यात डायसायक्लोमिन हा शब्द दिसला तर सहा महिन्यांखालच्या बाळाला देऊ नकोस, कुणीही दिले तरी. त्याने इतक्या लहान बाळांचा श्वास थांबल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. मेडिकलवाल्याने 'आधीचे संपलेत, हे घ्या, तेच आहे' म्हणून दुसरी बाटली हातात ठेवली, तर नाव वाचल्याशिवाय घरी आणू नकोस.

एन्झाइम खरोखर लागणारी बाळं असतात. माझ्या सगळ्या तक्रारीनंतर हेही सांगायला हवं. सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आनुवंशिक आजारात स्वादुपिंडाच्या नळ्या घट्ट स्रावाने बंद होतात. बाळ भरपूर पितं आणि तरी वाळत जातं. शी तेलकट, चकचकीत, दुर्गंधी येणारी. छातीत वारंवार कफ. मुका घेताना कातडी खारट लागते. त्याची घामाची चाचणी असते. या बाळांना प्रत्येक पाजण्याबरोबर स्वादुपिंडाचं एन्झाइम द्यावं लागतं, आयुष्यभर. त्यांच्यासाठी ते जीवनदायी आहे. पण तिथे मात्रा लायपेजच्या युनिटमध्ये, किलोच्या हिशेबाने मोजली जाते आणि दिवसाला किलोमागे १०,००० युनिटची वरची मर्यादा पाळली जाते. कारण १९९४ साली लिव्हरपूलच्या डॉक्टरांना दिसलं की फार तीव्र मात्रा घेणाऱ्या काही मुलांचं मोठं आतडं आकसून अरुंद झालं आहे. म्हणजे जिथे एन्झाइम खरं असतं, तिथे त्याला मात्रा असते, मर्यादा असते आणि दुष्परिणामही असतो. 'बिनधास्त द्या' म्हणता येणारं एन्झाइम बहुतेक वेळा काही करतच नसतं.

मग बाळ रडतंय का? तू वर्णन केलंस ते कोलिक. १९५४ साली वेसल या अमेरिकन डॉक्टरने त्याला तीनाचा हिशेब लावला: दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त. आता इतकं काटेकोर मोजत नाहीत. कारण नक्की सापडलेलं नाही, आणि पोट हे त्यातलं एक संशयित आहे, एकमेव नाही. पाय पोटाशी घेणं, लाल होणं, हे कुठल्याही कारणाने जोरात रडणारं बाळ करतं. रडताना हवा गिळली जाते आणि मग वारा सरतो. म्हणजे बऱ्याचदा वाऱ्याने रडणं नसतं, रडण्याने वारा असतो. निरोगी बाळंसुद्धा पहिल्या सहा आठवड्यांत दिवसाला सरासरी दोन तास रडतात, आणि दहा-बारा आठवड्यांपर्यंत ते सव्वा तासाच्या आत येतं. सर्वात वाईट काळ सहाव्या आठवड्याच्या आसपास. हे लक्षात घे: तुम्ही थेंब सुरू केले ते रडण्याच्या ऐन शिखरावर. तिथून ते काहीही न करता उतरणारच होतं. त्यात थेंब गोड, आणि गोड चव जिभेवर आली की बाळ काही मिनिटं शांत होतं, हे सिद्ध आहे. 'कधी फरक वाटतो, कधी नाही' याचा उलगडा एवढाच.

संध्याकाळी काय करायचं ते थोडक्यात. साडेपाचलाच, रडं सुरू व्हायच्या आत, दिवे मंद कर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बाहेरच्या खोलीत बसव. एका बाजूचं दूध पूर्ण संपेपर्यंत पाज, मग दुसरी. सारख्या बाजू बदलल्या तर बाळाला पातळ, साखरेचं दूधच जास्त मिळतं आणि शी हिरवट-फेसाळ होते. संध्याकाळी तो दर अर्ध्या तासाने मागेल, दे. दूध कमी पडत नाहीये, बाळं तिन्हीसांजेला तशीच पितात. उभं धरून ढेकर काढ. छातीशी उघड्या अंगाने धर. कोमट पाण्याने अंघोळ, खांद्यावर घेऊन फेऱ्या. दूध टाकण्याबरोबर अंगावर खाजरं पुरळ आणि शीत रक्ताचे धागे असतील, तर गाईच्या दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. तिथे लॅक्टेज उपयोगाचं नाही. डॉक्टर तुलाच दोन-चार आठवडे दूधदुभतं बंद करायला सांगतील. एरवी तुझ्या डाळीने किंवा कोबीने बाळाला गॅस होत नाही. तुझ्या आतड्यातला वारा दुधात उतरत नसतो. पोटभर जेव.

सासूबाईंशी भांडू नकोस. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची असेल तर काढू देत, बाळाच्या अंगाला न लागता. बेंबीभोवती हिंगाचा पातळ लेप लावतात, त्यालाही कातडी लाल होत नसेल तर माझी हरकत नाही. पण ओव्याची धुरी नको, फुप्फुसं लहान आहेत. आणि थेंब बंद केले म्हणून त्यांच्या जागी बाळगुटी येईल, ती नको. वेखंड, जायफळ, डिकेमाली सहाणेवर किती वळसे उगाळले याला माप नसतं, सहाणेचं पाणी आणि बोट किती स्वच्छ हाही प्रश्न, आणि जायफळाने बाळ 'शांत' होतं ते गुंगीने. ग्राइप वॉटरही तसंच. १८५१ साली नॉटिंगहॅमच्या वुडवर्ड या औषधविक्याने ते काढलं तेव्हा त्यात मद्यार्क होता. आता नसतो, पण उपयोगही तेवढाच. मध तर वर्षाच्या आत चाटवूही नकोस.

यातलं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठ: हिरवी उलटी, शीत रक्त, पोट फुगून टणक होणं, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध ओढणं सोडून देणं, बाळ मलूल पडणं, टाळू फुगणं, जांघेत गाठ, पांढरट मातीसारखी शी. शेवटच्याबद्दल लोक गाफील राहतात. त्याबरोबर कावीळ असेल तर तो पित्तनलिकेचा आजार असू शकतो, आणि त्याची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झाली तर जास्त यशस्वी होते. तुझं बाळ सात आठवड्यांचं आहे, म्हणून आजच लंगोट बघ. शी पिवळी असेल तर विषय संपला. अचानक, न थांबणारं, नेहमीपेक्षा वेगळं रडणं असेल तर हातापायांची बोटं तपास. आईचा गळलेला केस बोटाभोवती गुंडाळला जातो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

उष्टावणाचा प्रश्न राहिला. सहा महिन्यांनी भाताची पेज किंवा नाचणीचं सत्त्व सुरू करशील, तेव्हा कुठे अमायलेजला काम मिळेल. तोवर बाळाच्या लाळेतलं अमायलेज वाढलेलं असतं, आतड्याच्या अस्तरातलं पिष्ट तोडणारं एन्झाइम तयार असतं, तुझ्या दुधातलं येत असतंच, आणि स्वादुपिंडही हळूहळू हातभार लावू लागतं. बाटली तेव्हाही नको. उलट आपल्या आज्ज्यांनी याची सोय कधीच करून ठेवली आहे. नाचणीला मोड आले की दाण्यात अमायलेज तयार होतं आणि पिष्ट तोडायला लागतं. मोड आलेल्या धान्याचं चमचाभर पीठ घट्ट शिजलेल्या, जरा निवलेल्या खिरीत घातलं तर ती डोळ्यांसमोर पातळ होते. म्हणजे पाणी न वाढवता बाळाच्या वाटीत जास्त धान्य बसतं. नीट मोड काढून, सावलीत वाळवून, मंद भाजून केलेलं नाचणीचं सत्त्व बाळाला पचायला हलकं जातं ते यामुळेच. त्यावर तारीख, रंग, सॉर्बिटॉल काही नसतं.

नणंदेला फोन करून सांग की बाळाच्या डॉक्टरांनी सध्या काही नको म्हटलंय. लॅक्टेजचे थेंब वाटल्यास सासऱ्यांना त्यांच्या डॉक्टरांना विचारून वापरता येतील.

आणि तुझ्याबद्दल. पत्रात तू स्वतःविषयी एक ओळही लिहिली नाहीस. तीन तास रडणारं बाळ रोज एकटीने धरून ठेवणं कुणालाही झेपत नाही. राग यायला लागला की बाळाला पाठीवर झोपवून, सुरक्षित जागी ठेवून दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. रडून बाळाला काही होत नाही, रागाने हलवल्याने मेंदूला इजा होते. नवऱ्याला सात ते आठचा तास लावून दे, रोज. सतत रडू येत असेल, झोप मिळूनही लागत नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

दहा आठवड्यांची लस तीन आठवड्यांनी आहे. जाताना थेंबांची बाटली आणि दोन्ही अमेरिकन डब्या बरोबर ने, डॉक्टरांना दाखव, आणि वजन करून कार्डावर लिहून घे.